तिसऱ्या तुळईखालचं कपाट

४ जानेवारी

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. गेल्या वेळी फोनवर मी घसा फोडून बोलत होते आणि तू प्रत्येक वाक्याला "हो हो, जेवलो" म्हणत होतास, म्हणून आता पत्र. तुझं कान तपासायचं काय झालं ते वहिनीलाच विचारते, तू खरं सांगणार नाहीस.

बातमी अशी की जुना टाऊन हॉल माझ्या हातात आलाय. नगरपालिका नव्या इमारतीत गेली तेव्हापासून तो तीन वर्षं कबुतरांच्या ताब्यात होता. पाडा म्हणणारेही पुष्कळ होते, पण शेवटी ठेवायचं ठरलं आणि दुरुस्तीचं काम आमच्या कचेरीला मिळालं. खाली करवसुलीचं दालन होतं तिथे सगळ्या गावासाठी वाचनकक्ष होईल. वर अध्यक्षांची खोली आणि दप्तरखाना यांच्यामधली भिंत काढून सलग ग्रंथालय. मार्चच्या पंधरा तारखेला उद्घाटन, म्हणजे आत्तापासूनच माझी झोप उडालेली आहे.

इमारतीचे नकाशे कुणाकडेच नाहीत. पण ज्यानं अठ्ठावीस वर्षं तिथे सुतारकाम केलं तो माझा सख्खा मामा आहे, असं मी बैठकीत ऐटीत सांगून टाकलं. तेव्हा आता लाज राख. काय कुठे आहे, काय हलवू नये, काय आधीच खिळखिळं झालंय, ते सगळं लिहून पाठव.

आणखी एक. दप्तरखान्याच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेली एक यादी सापडली. अक्षर बाबांचं. प्रत्येक रॅकचा नंबर आणि त्यापुढे किलोमध्ये वजन, खाली तारीख. त्यांनी कागदांचे गठ्ठे तोलून ठेवले होते, मामा. दप्तरखाना सांभाळणाऱ्या ज्या माणसाला कागदांचा बेसुमार भार टाकून मजला खचवला म्हणून दोन पायऱ्या खाली उतरवलं, गावाबाहेरच्या जकात नाक्यावर पाठवलं, त्यानं प्रत्येक रॅक तोलला होता. मी त्या दारापाशी बराच वेळ उभी राहिले. आईला अजून सांगितलेलं नाही.

तुझी भाची

१२ जानेवारी

चि. इंजिनियरीणबाईंस,

मामाचे आशीर्वाद. पत्र वाचून छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण गेलं. माझ्या पाटावर रेघोट्या ओढणारी पोर आता माझ्याच टाऊन हॉलची मालकीण. आता कुणी म्हातारा म्हणालं तर तुझं पत्र दाखवतो.

ऐक आता. जिन्याच्या कठड्यात खिळे शोधत बसू नका, एकही नाही. सागाच्या खुंट्या आहेत, डावीकडून हलक्या हातानं ठोकल्या की निघतात. उजवीकडून ठोकणारा गाढव. दालनातली पाचवी खिडकी आधी वर उचलायची आणि मग ढकलायची, नाहीतर काच तुमच्या पायावर. मोठ्या दाराच्या खालच्या बिजागरीला तेल लागतं, वरचीला देऊ नका, ती उगाच लाडावते. घड्याळ वारा सुटला की थांबतं. त्यात कुणाचा दोष नाही.

एक खूण सांगून ठेवतो. मी जिथे जिथे हात लावला तिथे लाकडाच्या मागच्या बाजूला छिन्नीनं छोटा त्रिकोण कोरलाय. आमच्या उस्तादानं लावलेली सवय. काम आपलं असेल तर खूण ठेवायची, म्हणजे उद्या मोडलं तर शिव्या खायला कुणाकडे जायचं ते लोकांना कळतं. तो त्रिकोण दिसला की डोळे मिटून विश्वास ठेव.

खाली दालनात, मागच्या बाजूला तिसऱ्या तुळईखाली एक उंच कपाट आहे, छतापर्यंत गेलेलं. ते मी स्वतः केलंय. तेवढं राहू दे. आता तसा साग मिळत नाही आणि तसा सुतारही.

दाजींच्या यादीचं वाचलं. बिचारे नीटनेटके होते. पण एकतीस वर्षं झाली, ते जाऊनही सहा. जुन्या खपल्या काढून रक्तच येतं. तू पुढचं बघ. ताईला माझा नमस्कार सांग आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला नसता तर येऊन गेलो असतो असं सांग.

तुझा मामा

२५ जानेवारी

ती. मामा,

नमस्कार. कठडा अर्ध्या दिवसात निघाला. आमच्या मिस्त्रींनी पहिला घाव उजवीकडून घातला होता. तुझं वाक्य मी त्यांना वाचून दाखवलं, आता ते तुझं नाव आदरानं घेतात. पाचव्या खिडकीनं मात्र एकाचं बोट चेचलंच.

कपाटाचं जमणार नाही, मामा, रागावू नकोस. नेमकं त्याच जागी चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी दार पाडायचंय, दुसरीकडे उतार बसत नाही. मोडणार नाही, सुटं करून नीट हलवू. वीस फेब्रुवारीला काढायचं ठरलंय. त्याच आठवड्यात वर लोखंडी रॅक आणि पुस्तकांची खोकी चढायला लागतील.

आता बाबांचं. तू खपल्या म्हणालास, पण माझ्या हातून ते सुटत नाही. दारावरची सगळी वजनं मिळवली. एकवीसशे किलो होतात. त्या मापाची धडधाकट तुळई साडेचार हजार किलो सहज पेलते, मी तीन वेळा गणित केलं. म्हणजे बाबांनी निम्म्याहूनही कमी भार ठेवला होता. मग तिसरी तुळई चार इंच का खचली? खाली रंगीत छताचा तुकडा पडून करवसुलीच्या कारकुनाचा खांदा मोडला, तो कशामुळे? चौकशीत तीन माणसं बसली आणि त्यांनी फक्त वरचे रॅक पाहिले. तुळई कुणी पाहिलीच नाही असं अहवालावरून दिसतं.

खालून मला ती दिसत नाही, रंगीत छत जुनं म्हणून त्याला हात लावायची बंदी आहे. वरून मधला भाग अध्यक्षांच्या कोरीव चौथऱ्याखाली गेलाय. तो हलवायला परवानगी मागितली आहे, ती कधी येईल ते देव जाणे. तेव्हाची दुरुस्ती तूच केली होतीस ना? तू तुळई पाहिली असशील. तिच्यात कीड होती का? वरच्या फळ्या तू कधी उघडल्या होत्यास का?

काल आईला सांगितलं. म्हणाली, "वजनं आता कशाला मोजतेस, माणूस गेला." तुला आठवतं ना, बाबा काहीही खाली ठेवायला लागले की ती म्हणायची, "जमिनीला विचारून ठेवा." ट्रंक असो की पाण्याचा तांब्या. पाहुण्यांसमोरसुद्धा. बाबा हसल्यासारखं करायचे. मला ते हसणं आता फार आठवतं.

तुझी भाची

१ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद. कपाट काढू नकोस. खालच्या फरशीत ते बसवलेलं आहे, हलवलंस तर फरशी फुटेल आणि तशी फरशी आता मिळायची नाही. दार दुसरीकडे पाडा. इंजिनियर कशाला झालीस मग?

आणि पुस्तकं वर कशाला चढवता? म्हाताऱ्याकोताऱ्यांनी वाचायला जिने चढायचे का? ग्रंथालय खाली करा, वर खुर्च्या ठेवा, गाणीबिणी होऊ द्या. चार मोठ्या माणसांना विचारून बघ, हेच सांगतील.

तुळईला कीड नव्हती. दुरुस्ती म्हणजे खालचा छताचा तुकडा बसवला, बाकी काही नाही. वरच्या फळ्या मी कधी उघडल्या नाहीत. एकतीस वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं, मला काल काय जेवलो ते आठवत नाही.

वीस तारखेच्या आधी उत्तर पाठव की कपाट राहतंय.

मामा

१४ फेब्रुवारी

ती. मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तू मला असं कधी लिहिलं नव्हतंस.

फरशी मी पाहिली. कपाट तिच्यात बसवलेलं नाही, नुसतं उभं आहे. तरी मिस्त्री म्हणतात, रिकामं कपाट इतकं गच्च कसं? चार जणांनी रेटलं तर केसभरही हललं नाही. तुझ्या शब्दाखातर मी ते काम अठ्ठावीस तारखेवर ढकललंय. त्यापुढे नाही ढकलता येणार.

आता दुसरं. चौथऱ्याला हात न लावता भिंतीलगतची एकच फळी मी उचलून पाहिली. तुळईचं भिंतीतलं टोक अगदी ठणठणीत आहे. शेजारून एक जुना तुटका नळ चौथऱ्याच्या दिशेनं गेलाय, कशाचा ते कळत नाही. आणि फळी उलटी केली तर मागे तुझा त्रिकोण.

तू लिहिलंस की फळ्या कधी उघडल्या नाहीत. तूच लिहिलंस की त्रिकोण दिसला की डोळे मिटून विश्वास ठेव. दोन्ही एकदम कसं करू, मामा?

बाबांना नाक्यावर पाठवल्यावर तू दर रविवारी घरी यायचास. मला लाकूड तासायची पटाशी धरायला तू शिकवलंस. माझा चित्रं काढायचा पहिला पाट तू केलास, त्याच्या मागे त्रिकोण आहे, तो अजून माझ्या टेबलावर आहे. कॉलेजला जाऊ द्या म्हणून आईशी भांडलास. तुला माझ्यापासून काही लपवावं लागेल असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. कुणाला सांभाळून घेतोयस का? तेव्हाचे अध्यक्ष? ते गेले. आता कुणाला भ्यायचं कारण नाही.

उद्घाटनाला नगरपालिकेनं तुझा सत्कार ठरवलाय, "ज्यांनी ही वास्तू अठ्ठावीस वर्षं सांभाळली" असं पत्रिकेत छापलंय. तुला घ्यायला गाडी येईल. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता.

सत्तावीस तारखेपर्यंत मला खरं कारण कळव. नाही कळवलंस तर मी माझ्या गणितावर चालेन.

तुझी भाची

२७ फेब्रुवारी

बाळ,

आधी हे वाच आणि मग बाकीचं. कपाटाला कुणालाही हात लावू देऊ नकोस. कपाटाच्या आत खांब आहे. तिसरी तुळई त्या खांबावर उभी आहे. वर माणसं असतील तर आत्ता खाली उतरव.

सकाळपासून पोराला सहा वेळा तुला फोन लावायला सांगितला, तू उचलत नाहीस. निरोप टाकला म्हणतो. त्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, कपाटात जुने खिळे आहेत, पोरीला लागतील. बघ, इतकं झालं तरी तोंडातून खोटंच निघालं. शेजारचा ट्रकवाला पहाटे माल घेऊन तुमच्याकडेच येतो. हे त्याच्या खिशात घालतोय, हातात दे म्हणून बजावलंय.

आता सांगतो. हे लिहायला मला दहा दिवस लागले.

त्या वर्षी कुणी बडे पाहुणे येणार म्हणून अध्यक्षांना आपल्या खोलीत हात धुवायचं बेसिन हवं होतं. दोन दिवसांत. नळाला उतार हवा आणि खालचं रंगीत छत दिसायला बिघडता कामा नये. नळ फिरवून न्यायला आठवडा लागला असता. मी फळ्या उघडल्या आणि तुळईला वरून खाच घेतली. बारा इंचांची तुळई. चार इंचांत भागेल वाटलं, भागलं नाही, सात गेले. हात चालत असताना मला कळत होतं. उस्ताद असता तर त्यानं पटाशी माझ्याच पाठीत घातली असती. पण मी तेव्हा रोजंदारीवर होतो, त्याच महिन्यात कायम करायचा कागद निघणार होता. सात इंच कापून मी फळ्या झाकल्या. तुळईवर त्रिकोण केला नाही. आयुष्यात तेवढी एकच जागा. फळ्यांवर मात्र हातानं सवयीनं खूण केली आणि आज त्याच खुणेनं मला पकडलं. कोंबडं झाकून ठेवलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही.

दोन महिन्यांनी मजला खचला. शेजारी दाजींचे रॅक. चौकशीवाले आले, रॅक पाहिले, कागदांच्या धुळीनं शिंकले आणि निकाल लावून गेले. दुरुस्ती माझ्याकडेच आली. मी जॅक लावून तुळई वर घेतली, खाली सागाचा खांब दिला, दोन पाचरी मारल्या आणि भोवती कपाट केलं. लोक म्हणाले, काय सुरेख कपाट. मी शाबासकी घेतली. मनात म्हटलं, कायमचा कागद हातात पडला की सांगू. मग म्हटलं, दाजींची बदली रद्द होईलच. मग काही म्हणायचंच सोडलं. बेसिनही पुढे काढून टाकलं, कुणी वापरत नव्हतं.

आणि आता जे लिहितो ते तुला सर्वांत जड जाईल. नाक्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी दाजी माझ्याकडे आले होते. म्हणाले, "तुम्ही तुळई पाहिलीत. मी तोलून ठेवलं होतं हो. खरं सांगा, माझ्याच वजनानं वाकली का?" त्यांना कुणाला दोष द्यायचा नव्हता. त्यांना फक्त कळून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "हो दाजी, वजनानंच." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "मग माझा तराजू चुकला असेल."

त्यानंतर मी दर रविवारी तुमच्याकडे का यायचो ते आता तुला कळेल. तुझ्यावर माया होती ती खरीच होती, पण नुसती माया नव्हती.

मामा

१ मार्च

मामा,

अठ्ठावीस तारखेला अकरा वाजून वीस मिनिटांनी तुमचं पत्र माझ्या हातात पडलं. काय झालं ते तुम्हाला कळायला हवं म्हणून लिहिते.

आदल्या सकाळपासून फोन माझ्या पिशवीत होता आणि पिशवी बाहेरच्या शेडमध्येच राहिली होती. मिस्त्रींनी कपाटाची दारं आणि मागची पाठ काढली होती. आत खांब दिसला तेव्हा त्यांना वाटलं, कपाटाचाच आधार असेल, म्हणून त्यांनी पाचर ठोकायला घेतली. एक पाचर निघाली होती. मी दालनात शिरले तेव्हा वरून आवाज आला, ओलं लाकूड पिळल्यासारखा, आणि रंगीत छतातून धूळ खाली आली. वर सहा माणसं रॅक जोडत होती. एकशे ऐंशी खोकी पुस्तकं आदल्या दिवशीच चढवून ठेवली होती. मी तुमच्या पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या होत्या, तेवढ्याच. मिस्त्रींनी हातोडा दुसऱ्या पाचरीवर उचललेला होता. मी त्यांचा हात धरला. ओरडले असते तर त्यांनी दचकून घाव घातला असता, म्हणून ओरडले नाही.

पाचर परत मारली. माणसं एकेक करून भिंतीच्या कडेनं उतरवली. मग चार लोखंडी टेकू लावले आणि परवानगीची वाट न बघता चौथरा उचलला. खाच मोजली. सात इंच, तुम्ही लिहिलंत तशीच. बाबांच्या जवळच्या रॅकपासून सहा फूट लांब. तिथे त्रिकोण आहे का ते मी बॅटरी लावून शोधलं. नाही.

तुमचं पत्र अर्धा तास उशिरा आलं असतं तर मी आज हे लिहीत नसते, आणि वर असलेल्या सहा जणांच्या घरी काय सांगायचं ते तुम्ही ठरवत बसला असता. तुमच्याजवळ एकतीस वर्षं होती. माझं पहिलं पत्र मिळाल्यावरही दीड महिना होता.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, झालेलं सगळं नगरपालिकेच्या नावे लेखी, सहीनिशी. बाबांच्या नोंदीवरचा ठपका त्याशिवाय पुसला जाणार नाही. दुसरी, आई. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवणार नाही. ते काम माझं नाही. तुम्ही लिहा, तिच्या नावावर, तुमच्या अक्षरात. नाक्यावर जायच्या आदल्या संध्याकाळी बाबा काय म्हणाले तेही लिहा, गाळू नका.

उद्घाटन एक महिना पुढे गेलंय. तुळईला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्टे बसतील.

भाची

९ मार्च

चि. भाचीस,

नगरपालिकेसाठी लिहिलेला कागद सोबत आहे. सूनबाई आणि पोरगा दोघांच्या साक्षीच्या सह्या आहेत. पोरानं वाचलं आणि मला पाणी आणून दिलं. सत्काराची पत्रिका परत पाठवतोय, त्यावर माझं नाव खोडून टाका.

तू मला "तुम्ही" लिहिलंस. मोजलं नाही, पण प्रत्येक ठिकाणी कळलं.

ताईला चार वेळा लिहिलं आणि चार वेळा फाडलं. पाचवं काल टाकलं. मी दोन वर्षांचा होतो तेव्हा आई गेली, मला ताईनं वाढवलं. आजवर तिच्यापुढे मी फक्त एकदाच खरं बोलायला कचरलो, आणि ते एकदाच इतकं लांबलं. गाळलं काही नाही. त्या संध्याकाळचंही लिहिलं.

मामा

२ एप्रिल

धाकट्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला उशीर झाला कारण मला लिहायची सवय नाही.

पोरगी मला टाऊन हॉलमध्ये घेऊन गेली. तिनं कपाट ठेवलंय. दार आता शेजारून पाडलंय, गणित परत करून. कपाटाची दारं काढली, पाठ काढली, तुझा खांब आणि पाचरी उघड्या ठेवल्यात. येणाऱ्यांनी विचारलं की ती सांगते, हे का आहे. तुझं नाव घालून सांगते, मी ऐकलं. ह्यांच्या यादीचं दारही खाली आणून भिंतीला लावलंय, त्याच्यावर काच. पेन्सिल आहे, पण एक आकडा पुसट झालेला नाही. ठपका काढल्याचा कागद घरी आला. नीट लिहिलाय. चष्मा लावून दोनदा वाचला.

आता ऐक. तू अध्यक्षांना भ्यालास, नोकरीला भ्यालास, ते मला समजतं. मीच तुला भित्रा वाढवला असेल. पण तू दर रविवारी माझ्या घरी बसून जेवायचास. मी ह्यांना तुझ्यासमोर म्हणायचे, जमिनीला विचारून ठेवा. पंचवीस वर्षं म्हटलं. ते गेले त्या आठवड्यातही म्हटलं, औषधाची बाटली खाली ठेवत होते तेव्हा. तू समोर असायचास, पानातलं खाली बघून खायचास. तुला एकदाही वाटलं नाही की ताईच्या तोंडातला हा शब्द तरी थांबवावा? खरं सांगायचं नव्हतं तर नसतं सांगितलंस. नुसतं, "ताई, असं बोलू नकोस" एवढं म्हणाला असतास.

ह्यांची नोंद पोरीनं पुसून आणली. माझं बोललेलं कुठल्या कचेरीत नेऊन पुसू?

पंधरा तारखेला उद्घाटन आहे. पोरगी म्हणते, त्याला येऊ दे, मागच्या खुर्चीवर बसू दे. मी म्हणते तिथे नंतर. आधी घरी ये. गाडी पाठवतेय, गुडघ्यांचं सांगू नकोस. मला तुझ्यावर रागवायचंय आणि ते कागदावर होत नाही. कागद तू घडी घालून ठेवून देशील, तुझी सवय मला आता माहीत झाली आहे.

तुला हल्ली कमी ऐकू येतं म्हणे. हरकत नाही. मी मोठ्यानं बोलेन.

ताई